अण्णांचा अर्थनकाशा

अण्णा बोलले, तेव्हा पहिला शब्द आला, “हो.”

हेमांगीने विचारलं होतं, “अण्णा, चहा घेणार?” आणि उशाशी ठेवलेल्या छोट्या पेटीतून, घरातल्या जुन्या व्हिडिओंवरून बेतलेल्या अण्णांच्याच घोगऱ्या आवाजात उत्तर आलं होतं. पक्षाघाताने वाचा गेल्यापासून तो आवाज कुणी ऐकला नव्हता. हेमांगीने तोंडावर हात ठेवला. डॉ. रेश्मा तांबोळी प्रयोगशाळेत हसायच्यासुद्धा मोजून मापून, पण त्यांनीही टाळी वाजवली.

भिंतीला टेकून उभा असलेला धनाजी, हेमांगीचा थोरला भाऊ, मात्र जागचा हलला नाही. त्याने विचारलं, “साखर घालून घेणार?”

“हो.”

“का बिनसाखरेचा?”

“हो.”

“अण्णा, मी तुमचा पोरगा न्हवं?”

“हो.”

“म्हंजे पोरगा न्हाईच मी तुमचा?”

“हो.”

पलंगावर अण्णांनी डोळे मिटून घेतले.

“तुझ्या यंत्राचा नंदीबैल झालाय हेमे,” धनाजी म्हणाला. “काय बी विचारा, मान हलवतंय. आनि अण्णा जन्मात कधी ‘हो’ म्हणाले न्हाईत. ‘व्हय’ म्हणायचे.”

तो बाहेर निघून गेला. आत्ता कुठे आलेला आनंद असा हातातून गेला की हेमांगीला रडूही येईना.

आता हा घोटाळा कशाने झाला ते सांगायचं, तर यंत्राबद्दल थोडं बोलायला हवं. पक्षाघाताने अण्णांचे शब्द गेले होते, अर्थ गेले नव्हते. चहा म्हणजे काय, लेक म्हणजे काय, राग कुणाचा आणि का, हे सगळं आत जागच्या जागी होतं. तोंडापर्यंत येणारी वाट तेवढी खचली होती. त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रियेने एक तलम जाळी अंथरली होती. मनात एखादा अर्थ उमटला की ती जाळी त्याची चाहूल टिपायची. पण नुसती चाहूल घेऊन काय करणार? कुठली चाहूल कशाची, हे सांगणारा नकाशा हवा. माणसाच्या जगात काय काय आहे, कशाचं कशाशी काय नातं आहे, काय कशात मोडतं आणि काय कशात कधीच मोडत नाही, हे यंत्राला कळेल अशा भाषेत मांडायचं. शास्त्रात याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. हेमांगी त्याला अर्थनकाशा म्हणायची.

आधीच्या मंडळींनी साऱ्या मानवजातीसाठी एकच अवाढव्य नकाशा केला होता. त्यावर रुग्ण बोलायचे, पण सगळे एकाच छापाचं, सरकारी पत्रक वाचल्यासारखं. एके ठिकाणी सुधारायला जावं तर दहा ठिकाणी बिघडायचं. हेमांगी आली होती बँकांच्या सॉफ्टवेअरमधून. डॉ. तांबोळींच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्याच बैठकीत तिने सांगितलं, की आम्ही असा एकसंध डोंगर कधी रचत नाही. छोटे सुटे भाग करतो. प्रत्येक बदल असा करतो, की पटलं नाही तर मागे घेता यावा. आणि भाग रचण्याआधी त्याचे कसोटी-प्रश्न लिहितो. उत्तर चुकलं की दिवा लाल, बरोबर आलं की हिरवा. लाल दिवा दिसतो म्हणून प्रश्नच खोडायचा नाही. डॉ. तांबोळींना ते पटलं. दोघींनी मिळून एकेका माणसाचा स्वतंत्र नकाशा करायची पद्धत बसवली. चार रुग्ण बोलते झाले. पाचवे होते हेमांगीचे स्वतःचे वडील.

पद्धतीत आणखी एक नियम होता आणि तो हेमांगीनेच घातलेला: जो नकाशा रचतो, त्याने कसोटी-प्रश्न लिहायचे नाहीत. आपला तो बाब्या हे सगळ्यांचंच असतं. आपण केलेल्या वस्तूला माणूस सोपेच प्रश्न विचारतो. अण्णांचा नकाशा हेमांगीने रचला. मग प्रश्न कोण लिहिणार? आई केव्हाच गेलेली. अण्णांना आतून ओळखणारं माणूस जगात आणखी एकच होतं, आणि ते अण्णांशी अर्ध्या आयुष्यात धड बोललं नव्हतं.

कारण होतं विहिरीचं. कृष्णाकाठच्या कवठाळी गावात रंगराव शेलार, म्हणजे अण्णा, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह गाळात अडकला की एका दमात तळाशी जाऊन सोडवून येणारा माणूस. दर उन्हाळ्यात गावची पोरं त्यांच्याकडे पोहायला शिकायची. कमरेला दोर बांधायचा, पायरीवर उभं राहून दोर ढिला करत जायचं, आणि एक दिवस न सांगता हातातून सोडून द्यायचा. पोरगं गटांगळ्या खातं, घाबरतं, हातपाय मारतं आणि वर येतं. गावात ही रीतच होती. धनाजीचा दोर सोडला, तेव्हा तो मात्र वर येईना. खूप वेळाने आला, नाकातोंडात पाणी, डोळे पांढरे, आणि काठावरची पोरं हसत होती. त्या दिवसापासून त्याने अण्णांशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं, आणि शेलारांच्या घरात ठरवलेलं मोडायची पद्धत नव्हती. पुढे सांगलीत त्याने विजेच्या ट्रॅक्टरांना बॅटऱ्या बदलून द्यायचं स्टेशन टाकलं. रोज पहाटे नदीत पोहतो, पण त्या विहिरीकडे फिरकत नाही.

हेमांगीचा दोर अण्णांनी कधीच सोडला नाही. तिला अजूनही पोहता येत नाही.

तिने फोन केला, तेव्हा धनाजी म्हणाला, “येतो. पण माझा एकच प्रश्न हाय. दोर का सोडला? त्याचं उत्तर मिळंल काय तुझ्या यंत्रातनं?”

“अण्णा बोलले तर मिळेल. पण दादा, वेळ थोडा आहे. जाळीवर आतून पापुद्रा धरायला लागतो, मग तिला नीट ऐकू येत नाही. महिना दोन महिने, फार तर.”

तो आला. त्याने प्रश्न लिहिले आणि त्याला ठाऊक असलेली उत्तरंही. त्या उत्तरांतल्या गोष्टी हेमांगीने जशाच्या तशा नकाशात घातल्या, आणि तिथेच माती खाल्ली. तिने आधीच लिहून ठेवलं होतं: जे अण्णांचं जिवाभावाचं, त्याचा दोर अण्णा कधीच सोडत नाहीत. मुलं जिवाभावाची असतात. धनाजी मुलगा आहे. आणि आता त्यात भर पडली: धनाजीचा दोर अण्णांनी सोडला. म्हणजे नकाशाच स्वतःच्या विरुद्ध बोलू लागला. तर्कशास्त्रात याची शिक्षा फार कडक असते. एकदा विसंगती आत शिरली की तिच्या आधाराने काहीही सिद्ध करता येतं. साखर हवी हे सिद्ध, नको हेही सिद्ध. म्हणून तो “हो”चा पाऊस.

“एक बाजू खोडावी लागेल,” डॉ. तांबोळी म्हणाल्या. “हेमांगी, अण्णा इतकी वर्षं तुमच्याजवळ राहतात. तुमची बाजू ठेवू. निदान चहापाणी, दुखणंखुपणं तरी बोलतील.”

धनाजी परत येऊन दारात उभा होता. “माझंच खोडा. सवय हाय मला.”

हेमांगीचा हात कळफलकावर होता. एक ओळ पुसायची, की अण्णा उद्या सकाळी बोलायला लागणार. तिचे अण्णा, प्रेमळ, हळवे, दोर घट्ट धरणारे. तिला ते हवे होते, आणि ते हवे असण्याची तिला लाज वाटली. तसं केलं तर पेटीतून जो बोलेल, तो तिनेच रचलेला माणूस असेल. जन्मभर ती त्याच्याशी बोलेल आणि उत्तरही तीच देईल.

“खोडायचं नाही काहीच,” ती म्हणाली. “वेगळं करायचं.”

सॉफ्टवेअरमध्ये दोन भागांचं पटत नसेल तर त्यांना एका खोलीत कोंडत नाहीत. मध्ये भिंत घालतात आणि दोघांना खरोखर सामाईक असेल तेवढंच ओसरीवर ठेवतात. तिने तसंच केलं. एक भाग ‘हेमाचे अण्णा’, दुसरा ‘धनाजीचे अण्णा’, आणि मध्ये नुसतेच अण्णा. या मधल्या भागात काय उरलं, ते तिने पडद्यावर पाहिलं. चहा. मोटारी. आईचं नाव. गूळ-शेंगदाणे. कृष्णेचं पाणी. बस्स. ज्या माणसाच्या कडेवर दोघं वाढली, त्याचं दोघांना मिळून ठाऊक असलेलं एवढंच होतं.

विसंगती गेली. तिच्या भागाचे दिवे हिरवे झाले. पण धनाजीच्या भागात एकाही प्रश्नाला उत्तर येईना. चुकीचंही नाही. नुसतंच, “वाचन नाही.”

“बघ,” धनाजी म्हणाला. “माझ्यासाठी आत काय न्हाईच.”

हेमांगीला ते खरं वाटेना. तिच्या धंद्यात एक शहाणपण आहे: काहीच येत नाही, तेव्हा आधी नळ बघावा, मग विहीर आटली म्हणावं. ती उलट्या दिशेने एकेक भाग तपासत गेली आणि सगळ्यात खालच्या भागापाशी येऊन थांबली. जाळीकडून येणारी वाचनं गाळून घेणारा तो भाग होता. तो तिने लिहिलेला नव्हता, दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून तयार घेतला होता. तयार मिळालं म्हणून उघडून पाहिलं नव्हतं. त्यात एक ओळ होती: रुग्णाचा श्वास थांबला असेल, त्या क्षणाची सर्व वाचनं बिघाड समजून टाकून द्यावीत. ठसका लागला, गिळताना अडकलं तर वाचन बिघडतं म्हणून कुणीतरी विचारपूर्वकच घातलेला नियम. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायला गेलं की हे असं होतं.

तिने पलंगाकडे पाहिलं. “दादा, अण्णांना काहीतरी विचार. तुझ्याबद्दल.”

“अण्णा,” धनाजी अवघडून म्हणाला, “आपल्या विहिरीला पाणी हाय का औंदा?”

अण्णांची छाती वर आली आणि तशीच थांबली. दोघंही बघत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी श्वास सोडला.

म्हणजे धनाजीचा विषय निघाला की अण्णा श्वास रोखून धरत होते, आणि यंत्र प्रत्येक वेळी तेवढा भाग कचऱ्यात टाकत होतं. हेमांगीने ती ओळ काढली आणि पहिल्या दिवसापासूनची साठवलेली मूळ वाचनं पुन्हा नकाशातून सोडली.

यंत्राच्या गाभ्यात तर्क करणारा एक भाग असतो. त्याला विहीर कळत नाही, बाप कळत नाही. कशाचे गुण कशासारखे, एवढं पाहून तो एकात एक कोठ्या, म्हणजे वर्ग, लावत जातो. एरवी त्याला आपण दिलेल्या नावांच्या कोठ्या पुरतात. त्या दिवशी पुरल्या नाहीत. त्याने मधल्या भागात, चहा आणि मोटारींच्या शेजारी, स्वतःहून एक नवी कोठी उघडली. दोन्ही भागांतल्या गोष्टी त्याने तिच्यात आणून ठेवल्या, आणि नावाची जागा कोरी सोडली. नाव त्याच्याकडे नव्हतं. अशी बिननावाची कोठी हेमांगीने कुणाच्याही नकाशात पाहिली नव्हती. डॉ. तांबोळी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

हे कुणी घातलेलं नव्हतं. तिने नाही, दादाने नाही. ते तिथेच होतं, इतकी वर्षं, एका माणसाच्या आत, आणि त्याला शब्द नव्हता म्हणून कुणी त्याबद्दल विचारलं नव्हतं. प्रत्येकाच्या आत अशा किती कोठ्या असतील, आणि आपण चहा घेणार का एवढंच विचारून उठून जातो, असं तिच्या मनात आलं.

तिने कोठी उघडली. धनाजीच्या भागातून आत आली होती ती दोर सोडल्याची सकाळ. तिच्या भागातून आलेल्या गोष्टी ती मोठ्याने वाचू लागली. तिला वसतिगृहावर सोडून अण्णा एसटीत बसले, तो दिवस. तिने लग्न मोडलं आणि अण्णा एक शब्द न बोलता अंगणात बसून राहिले, ती दुपार. त्या अबोल्याचा तिने मनात केवढा राग धरला होता. आणि शेवटी ताज्या नोंदी. याच खोलीतल्या, ती पडद्यासमोर बसून अण्णांना बोलतं करायला धडपडत होती, त्या प्रत्येक दिवसाच्या.

“या सगळ्यांत सारखं काय आहे?” डॉ. तांबोळींनी विचारलं.

यंत्राने गुण लिहिले होते. हेमांगीने वाचले, “श्वास रोखलेला. अंगाला गारवा. सभोवती अंधार. उजेड फक्त वर. हात उचलून घ्यायला तयार.” ती थांबली. “मला नाही कळत. गारवा कसला? वसतिगृहावर सोडलं तेव्हा मे महिना होता.”

धनाजी पुढे आला. त्याने ते पुन्हा एकदा, ओठ हलवत वाचलं.

“हेमे, ही विहीर हाय,” तो म्हणाला. “पण काठावरनं न्हाई. तळातनं अशी दिसती. खाली बसून वर बघितलं की असा एवढाच गोल उजेड दिसतो.”

“पण अण्णा तर पायरीवर होते.”

“मी बुडत हुतो. ते कुठं हुते हे मी कुठनं बघणार.”

तो पलंगापाशी गेला आणि खाली बसला, अण्णांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन. इतक्या जवळ तो लहानपणानंतर कधी गेला नव्हता.

“अण्णा. दोर सोडला, तवा तुमी कुठं हुता?”

अण्णांनी श्वास रोखला. पण आता यंत्र ऐकत होतं. पेटीतून शब्द आले, एकेक करून, मध्ये मोठी मोकळी जागा सोडत.

“खाली... हुतो. पाइपाला... धरून. तुझ्या... पायाखाली.”

“माझ्याच का?”

“सगळ्या... पोरांच्या.”

धनाजीने खाली मान घातली. मग त्याने विचारलं, “मग मला सांगितलं का न्हाई? इतकी वर्षं?”

अण्णा त्याच्याकडे बघत होते.

“सांगितलं तर... पोरगं खाली बघतंय. पवताना... वर बघायचं असतंय.”

“मी उशिरा आलो वर. तुमचा दम गेला असंल.”

“व्हय,” अण्णा म्हणाले.

तो शब्द ऐकला आणि धनाजी, केस पिकलेला, दोन लेकींचा बाप, पलंगाच्या कडेला कपाळ टेकून रडला. अण्णांचा चांगला हात हळूहळू त्याच्या डोक्यावर आला.

नंतर हेमांगीने आपली जुनी ओळ दुरुस्त केली. दोर सोडणं म्हणजे माणसाला सोडणं नव्हे, एवढाच बदल. मग तिने मधल्या भिंती काढल्या आणि दोन्ही अण्णांना पुन्हा एकत्र आणलं. यंत्राने सगळा नकाशा तपासला. विसंगती नव्हती. धनाजीचे प्रश्न एकामागून एक हिरवे होत गेले, आणि सगळे जण दिवे लागताना बघावं तसं बघत राहिले. एकच दिवा लाल राहिला: कोठीला नाव नाही.

“अण्णा, याला काय म्हणू?” हेमांगीने विचारलं.

“बुडी,” अण्णा म्हणाले.

उन्हाळ्यात त्यांना कवठाळीला नेलं. जाळीवर पापुद्रा धरला होता, शब्द विरळ होत चालले होते. दिवसाकाठी चार-दोन, तेही सकाळचे. आता त्याचं पूर्वीइतकं दुःख नव्हतं. अण्णा गप्प असले तरी त्या गप्प असण्याला काय म्हणतात, हे दोघांना ठाऊक होतं.

एका सकाळी विहिरीच्या काठाला अण्णांची खुर्ची मांडली. धनाजीने हेमांगीच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

“या वयात लोक काय म्हणतील, दादा,” ती म्हणाली.

“लोकांस्नी पवता येतंय. तू तुझं बघ.”

पाणी थंडगार होतं. ती हात मारत राहिली आणि पायरीवरून धनाजी दोर ढिला करत राहिला. रोज थोडा जास्त. कितीतरी दिवस हे असंच चाललं, आणि मग एका सकाळी कमरेची ओढ अचानक गेली. दोर पाण्यावर सैल तरंगत होता. तिने पायरीकडे पाहिलं. पायरी रिकामी होती.

ती खाली गेली. नाकात पाणी शिरलं, कानात घुमू लागलं, भोवती सगळा हिरवा अंधार. वर गोल उजेड होता, आणि त्याच्या कडेला खुर्चीत बसलेली एक आकृती, पुढे झुकलेली. आपल्या पायाखाली कुणीतरी पाइपाला धरून बसलंय, हे तिला माहीत होतं.

तिने खाली पाहिलं नाही. वर बघत तिने हात मारला.